कुपवाडला दोन बोटी

एमआयडीसीच्या शेवटच्या गाळ्यात
पाण्याच्या टाक्या, फायबरचे दरवाजे, एक अर्धवट डायनासोर
आणि त्याच्यामागं ट्रकच्या टायरांवर टेकवलेल्या
दोन बोटी.
नदी इथून लांब.

पहिली पांढरी, कडेनं निळा पट्टा,
साठ घोड्यांचं इंजिन, सोफ्यासारख्या गाद्या,
दोन स्पीकर, पेले ठेवायला खळगे.
दुसरी रुंद, चपट्या तळाची, पंचवीस घोड्यांची,
कोयनेच्या फुगवट्यावर चार हंगाम पळून आलेली,
पोटाला दोन ठिगळं, रंग उसाच्या पाचटासारखा.

"फ्यामिलीला पांढरीच घ्या की ओ," रणदिवे म्हणाले.
"हरिपूरच्या संगमापर्यंत एका दमात.
आन् ह्ये बघा, गळ अडकवायला हुक,
खाली मासा कुठं हाय त्ये पडद्यावर दिसतंय."
आई म्हणाली, आम्ही जैन आहोत.
रणदिव्यांनी पडदा बंद केला
आणि रात्रीच्या दिव्याचं बटण दाबलं.
आई म्हणाली, दिवस मावळायच्या आत आम्ही जेवून घरात असतो.

सुप्रभा पांढरीत जाऊन बसली, केस मागं टाकून,
वारा नव्हता तरी वाऱ्यात असल्यासारखी.
तेरा वर्षांची आहे.
मी हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो,
हौस मला किमतीवरूनच ओळखता येते,
पण खरं सांगतो, मलाही होती.
रविवारची सकाळ, डब्यात भडंग, थर्मासात चहा,
घाटावरच्या ओळखीच्यांनी हात करायचा
आणि इंजिनच्या आवाजात
आपल्याला ऐकू न आल्यासारखं करायचं.

त्रिशला मात्र चपटीत उतरली.
चपला खाली काढून,
कुणाच्या घरात शिरावं तशी.
ओढणीनं लांबी मोजली, मग रुंदी,
मग मधल्या फळीवर बसून बोटांवर काहीतरी मोजत राहिली.
"हिच्यात किती मावतात?"
"शिटा आठ, वैनी."
"शिटा नाही विचारल्या. माणसं."
रणदिवे माझ्याकडं बघायला लागले.
"उभी," ती म्हणाली. "एकमेकांना धरून.
आणि पाय किती उंच टाकावा लागतो?
गुडघे बदललेलं माणूस असलं तर?
कठड्यावरून उतरायचं असलं तर?"

कुठला कठडा, ते रणदिव्यांनी विचारलं नाही.
ते जतचे. त्यांच्याकडं पाणी टँकरनं येतं.

त्या ऑगस्टात तिसऱ्या दिवशी जी बोट आली
तिच्यात पाच जागा होत्या,
आणि आम्ही अकरा, खालच्या भाडेकरूंसकट.
कोण आधी, हे कुणीतरी ठरवायचं होतं.
ते मी ठरवलं.
दुसरी फेरी आली, नाही असं नाही.
सकाळी आली.
घरात त्यावर कधी कुणी बोललं नाही.
भाडेकरूही नाहीत.
पुढच्या महिन्यात ते विट्याला राहायला गेले,
अनामत परत न मागता.

सुप्रभा म्हणाली, पण ही म्हशीसारखी दिसते.
आई म्हणाली, म्हैस चांगली पोहते.

रणदिव्यांनी पावतीपुस्तक काढलं.
नाव, पत्ता, वापर.
"सहलीलाच न्हवं?"
"सहलीला," मी म्हणालो,
आणि आम्ही चौघांनी चार दिशांना बघितलं;
मी त्या डायनासोरकडं, त्याला अजून डोकं बसवायचं होतं.
"जाकिटं आठ देतो."
"सोळा," त्रिशला म्हणाली.
"आन् ठेवणार कुठं? घाटावर, का पार्किंगात?"
"गच्चीवर."

रणदिवे खो खो हसले.
एकटेच हसतोय म्हटल्यावर थांबले
आणि पावतीच्या मागं
क्रेनवाल्याचा नंबर लिहून दिला.

तोवर सुप्रभा म्हशीत येऊन बसली होती,
भडंगाचा पुडा फोडून.
शेंगदाणे तळाशी सांडले, ठिगळापाशी.
आई कठडा धरून एक पाय आत टाकून बघत होती,
मग दुसरा.
दोर किती लांब लागेल
तेवढं विचारायचं राहिलं.