मेडलची मागची बाजू

ठशात सगळं उलटं कोरायचं असतं.
अक्षरं उलटी, भांग उलट्या बाजूला,
आणि नाक सगळ्यात खोल,
कारण चांदीवर ते सगळ्यात उंच यायचं असतं.
बापाने एवढंच शिकवलं. बाकी मार.

अमळनेरच्या सराफ गल्लीत मी टाक करतो,
खंडोबा, बहिरम, एकवीरा.
देवांची पाठ सपाट असते,
देव्हाऱ्यात कोण उलटून बघतंय.

देसल्यांची मुलं आली मोटार घेऊन:
आप्पांची पंचाहत्तरी, एक्कावन्न मेडलं,
पुढे आप्पा फेट्यासकट, खाली ‘उत्तमराव’.
मोबाइलवर जुन्या इटलीतली दाखवली,
कुणा सरदाराच्या पाठीमागे हत्ती,
कुणाच्या मागे नुसता डोळा, त्याला पंख.
“प्रत्येकाची एक खूण असते, काका.”
मग आप्पांची? सिंह. दोन तलवारी.
आप्पांनी हयातभर सरकी विकली.
मी म्हटलं, आयाळीचे पैसे वेगळे पडतील.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी म्हातारा एकटा आला,
पायरीवर बसला, पाणी मागितलं,
सिंह बोटाने चाचपला. हसला नाही.
“मन्हं नाव उखर्डू शे.
चार भाऊ गयात, पाचवा मी.
मनी मायनी माले उखर्डावर ठेयं,
तेलीननी उचलं,
मायनी सव्वा शेर जवारी दिसन परत लिधं.
एक नग तसा काढ. पोरेसले सांगू नको.”

मी माझं नाव सांगितलं.
सुपडू.
मग बराच वेळ आम्ही चहा पीत बसलो
दबक्या आवाजात,
सटवाई अजून गल्लीत विचारत फिरतेय की काय, असे.

उखर्डा कोरणं सोपं नव्हे.
ढीग काढावा तर डोंगर दिसतो,
डोंगर दिसला की लोक वर देऊळ शोधतात.
मी उकरणारी कोंबडी घातली,
फुटकी पाटी, एरंडाचं एक रोप,
आणि मधे गुंडाळलेलं काहीतरी, तांदळाएवढं.
त्याला चेहरा दिला नाही. तो पुढे आहेच.

एक्कावन्न सिंह समारंभाला गेले.
बावन्नावा त्याने अंगठ्याने पाठीकडून तपासला,
बंडीच्या आतल्या खिशात टाकला,
मजुरी मोजून दिली, घट विचारली नाही.

ठसा मोडायचं ठरलं होतं.
मोडला नाही. परवा तो पुसताना
शेजारच्या कोऱ्या पोलादावर सहज रेघा ओढल्या,
सुपाचा काठ, बांबूची वीण.
पुढच्या बाजूला काय घालावं, सुचत नाही.
दुकानातल्या आरशात बघतो,
तर भांग आधीच उलट्या बाजूला.