माशाचा सांगाडा

मुयनाकच्या शाळेत, सातवीच्या वर्गात
मी फळ्यावर काटा काढते. म्हणजे खडूनं:
मधोमध आडवा कणा, वरखाली तिरक्या फासळ्या,
उजवीकडे त्रिकोणी डोकं.
डोक्यात प्रश्न लिहायचा, फासळ्यांवर कारणं.
ताश्कंदच्या प्रशिक्षणात असंच दाखवलं होतं,
तिथे प्रश्न होता: विद्यार्थी उशिरा का येतात?
इथे मुलांनी निवडला: समुद्र का गेला?

चौघांत एक कागद, पेनही एकच.
मुद्दामच एक.
पेरदेबायच्या हातून ते सुटत नाही.
कालवे, लिहितो तो. धरणं. उन्हाळा.
सरबिनाज म्हणते, कापूस.
म्हणते आणि गप्प होते.
तिची आई अजून वेचणीला जाते,
त्याच पैशांचे बूट
बाकाखाली एकमेकांवर चढतात.
"मग लिहू की नको?"
खिडकीच्या फटीतून मीठ येतं, कागदावर बसतं.

वर्षभर हो-नाहीच्या पुढे न गेलेली झियादा
हात पुढे करते. पेन मिळतं.
कापसाच्या फासळीला ती एक बारीक काटा जोडते:
पेरायला कुणी सांगितलं?
त्यालाही एक, त्याहून बारीक:
नाही म्हणता आलं असतं का?

आता चौघंही ओणवी, डोक्याला डोकं लागतंय.
पेरदेबाय खोडतो, सरबिनाज पुन्हा लिहिते,
एस्बोल कोपराने जागा करून घेतो,
फासळ्यांना फासळ्या फुटत चालल्यात.
माझा फळ्यावरचा मासा
त्यांच्या माशापुढे अगदीच उपाशी.

"मुअल्लिम, खऱ्या माशाला किती काटे असतात?"
एस्बोल विचारतो. थट्टा करत नाहीये.
माझे वडील डबाबंदीच्या कारखान्यात होते,
मलाही त्यांच्या हातांचा वास तेवढा आठवतो
आणि एक वाक्य: काटे मोजायचे नसतात पोरी,
जिभेनं चाचपायचे असतात.
पण मुलांना मी म्हणते, बघून सांगते.

घंटा होऊन गेली.
भिंतीवरही मिठाचा थर, चिकटपट्टी धरत नाही.
चौघं चार कोपरे दाबून उभी आहेत
आणि मी ड्रॉवरमध्ये टाचण्या शोधतेय.
हलू नका, म्हणते.
आम्ही नाही हलत, म्हणतात.