तीनशे मेश

हिंगण्याच्या मागच्या रस्त्याला, वजनकाट्याच्या पुढे
आमची चक्की आहे. पीठ दळत नाही, दगड दळते.
डोलोमाइट, शंखजिरं, कॅल्साइट,
कधी काचवाल्यांसाठी गारगोटी;
तिच्या पाळीत कुणी फार बोलत नाही.

मी चाळणीवर. शंभर ग्रॅम तोलायचे,
धारेखाली धुवायचे, वर उरलं ते वाळवायचं,
पुन्हा तोलायचं. अर्ध्या ग्रॅमच्या आत असलं
की मी सही करते, आणि गाडी सुटते.

देवाजी इनवाते हॉपरवर.
मनसरच्या खाणीत होता तेव्हा काळा यायचा घरी,
मॅंगनीजचा काळा, साबणाला न जुमानणारा.
आता पांढरा जातो.
बायको म्हणते, याचा खरा रंग कोणता
थो मले लग्नातबी दिसला नाही,
तवा हळद होती.

चलानावर गावं असतात आणि कामं:
रंग, रबर, कागद, नळाचे पाइप, कोंबड्यांचं खाद्य.
कोंबड्या दगड खातात? मी पहिल्या वर्षी विचारलं.
बोरकुटे सुपरवायझर न हसता म्हणाले,
अंड्याचं टरफल मंग कायचं वाटते तुले?
तेव्हापासून अंडं फोडताना
माझा हात जरासा अडखळतो.

एकदा रंगाच्या कारखान्यातून चाळीस पोती परत आली.
भरड आहे म्हणे, बोटाला कणी लागते.
सही माझी. अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.
पोती शेडमागे पडून राहिली, उन्हात, तोंड उघडं.
धुरपताबाईनं त्यातले दोन डबे नेले गुपचूप.
दिवाळीला तिच्या दारात एकवीस ठिपक्यांची रांगोळी,
रेघ अशी की मोडता मोडेना.
बारीक पिठाची धार पडत नाही वं, ती म्हणाली,
चिमटीतून सुटायले कणी पाह्यजे.

जानेवारीत देवाजीला मेडिकलला नेलं.
रात्रभर खोकायचा; गारगोटीची पाळी झाली की जास्तच.
डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडावर लावला.
काळ्यात पांढरे ठिपके,
जवळजवळ, कुठलीच रेघ न जोडलेले.
मी सवयीनं मोजायला लागले,
आणि थांबले.

मास्क वापरत होते का?
होता, देवाजी म्हणाला. मे महिन्यात,
पत्र्याखाली, थो लावून श्वास कोन घेईन?
त्यांनी काहीतरी लिहिलं. कंपनीचं नाव विचारलं.
ते मी सांगितलं, स्पेलिंगसकट.

खिडकीवर गोळ्या मिळाल्या,
त्यातल्या काही कॅल्शियमच्या, मोठ्या, पांढऱ्या.
देवाजीनं एक तळहातावर घेतली, नखानं खरवडली,
चिमटीत चोळली, आणि सिस्टरला विचारलं,
किती मेशची आहे?

तिला कळलं नाही. रांग मोठी होती,
तिनं पुढच्याचं नाव पुकारलं.
बाहेर पिंपळाखाली त्यानं हात पुढे केला,
मीही बोटावर घेऊन पाहिलं.

चांगली होती.
आपल्यापेक्षा बारीक.