इथे काहीतरी होतं

अकरा वर्षं गाडी आमच्या घरात होती,
पण गाडी म्हणून नव्हे.
बॉनेट गच्चीवर, टाकीच्या मागे.
दारं दिवाणाखाली, सोलापुरी चादरीत.
आणि छप्पर पॅसेजमध्ये, भिंतीला टेकलेलं.
हेराल्डचं छप्परसुद्धा बोल्टवर असतं
हे मला लग्नानंतर बावीस वर्षांनी कळलं,
सोसायटीला त्याहून लवकर.
सात पत्रं आली.

मोरेश्वरनं ती सुटी केली एका दिवाळीच्या सुट्टीत.
उन्हाळ्यात जोडायची होती.
कुठल्या, ते बोलणं झालं नाही.

आता राबोडीत, सुर्म्यांच्या गॅरेजात
मी बिस्किटांचे डबे उघडते.
बोल्टागणिक दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी,
त्याचं ते उजवीकडे पडणारं अक्षर.
'डावा मडगार्ड, वरून दुसरा.'
'वॉशर मूळचा नाही, मी घातला.'
'छप्पर, डावीकडे, मागून तिसरा. हा आखूड. चुकू नये.'
आणि एका डब्याच्या तळाशी
बोल्टाशिवाय, नुसता कागद:
'पुढचा भाग मागच्याला भेटतो
तिथे मध्ये काहीतरी होतं.
काय?'

युसूफ सुर्मे चष्मा कपाळावरून खाली घेतात, वाचतात,
मागच्या भागाची कड उलटी करून
नखानं टोकरतात.
हे होतं, म्हणतात.
काळं, वाळून गुळाच्या करपलेल्या पाकासारखं,
आणि त्यात एक अंगठा.
मद्रासच्या कारखान्यात अडुसष्ट साली
कुणीतरी दाबून बसवलं असेल,
सगळ्या रेषा आहेत, मधून एक तिरका व्रण.
राहू द्यायचं का, मी विचारते.
जुन्यावर नवं धरत नाही, बाई.
खर्र खर्र.
एक तुकडा मी उचलते,
चिठ्ठीत बांधते, डब्यात टाकते.

मी आणलेलं एम-सील त्यांनी परत पाठवलं.
घट्ट होणारं काही नको.
घट्ट झालं की तडकतं,
तडकलं की पाणी वाट विचारत नाही.
पत्र्याला पत्रा लागू द्यायचा नाही,
लागला की रात्रंदिवस बोलत बसतो.
मध्ये असं पाहिजे जे कधी पुरतं वाळणार नाही.

मग ती काळी मऊ दोरी, बोटानं चेपत चेपत,
मग वरून पत्रा,
मग सगळे बोल्ट आधी ढिले,
आणि आळीपाळीनं एकेक आटा,
या बाजूचा, त्या बाजूचा,
जेवायला वाढल्यासारखे.
जे जास्त होतं ते फटीतून बाहेर आलं,
रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं.
माझ्या नखांत ते चार दिवस होतं. पोळ्यांना वास.

शनिवारी पाणी.
मला आत बसवलं, हातात बॅटरी,
बाहेर सुर्म्यांचा नातू पाइप घेऊन.
महापालिकेच्या पाणी खात्यात
एकोणतीस वर्षं मी गळतीच्या तक्रारी लिहून घेतल्या:
कुठे, कधीपासून, ठिबकतंय की वाहतंय.
एकदाही कुणाच्या गळतीखाली बसले नव्हते.

काचेवरून पाणी उतरतंय, ठाणं वितळतंय,
समोरचं वेल्डिंगचं दुकान, उभी रिक्षा, नातवाचे पाय.
मी खाली वाकून चिठ्ठीतली जागा बघते.
कोरडी. बोट फिरवते. कोरडी.
मग सांगते त्याला, म्हणजे
सांगण्याइतकं तोंड उघडते,
तेवढ्यात कानाजवळ गार.
वर छपराच्या कडेला एक थेंब,
ठिबकत नाही, वाहत नाही,
आमच्या रजिस्टरात याला रकाना नव्हता.
फुगतोय फक्त.

बाई, काही आलं का?
पाणी बंद होतं. पान्ह्याचा आवाज. ते वाट बघतायत.

डावीकडे, मी ओरडते,
मागून तिसरा.
तोच. आखूड.