सुटलेले टाके

नागपुरात थंडी म्हणजे डिसेंबरचे वीस दिवस,
फार तर पंचवीस.
तेवढ्यासाठी वत्सलाताईंनी
एकतीस वर्षं स्वेटर विणले,
मेडिकलच्या चौदा नंबरात, रात्रपाळीला,
टेबलावरच्या दिव्यावर हिरवं कापड टाकून.

हा विटकरी त्यातला शेवटचा.
कुणालाच बसला नाही.
ह्यांना ढगळ, पोरांना टोचरा,
आणि ताईंना आठवेना
माप कुणाचं घेतलं होतं.

शिवाय भोकं.
नणंदेच्या विणकामाला घरात सगळे हसायचे.
मी हसायचे नाही, दुरुस्त करायचे.
त्या दिवसा झोपल्या की
दहा ओळी उसवायच्या,
खाली घसरलेला टाका पकडून वर आणायचा,
सुया होत्या तशा ठेवून द्यायच्या.
त्यांना कळलं असणार. बोलल्या नाहीत.
या एकालाच माझा हात लागायचा राहिला.

आज तो आटवायला घेतला.
गिझरचं पाणी, सोसेल त्याहून थोडं जास्तच,
पिवळ्या साबणाची अर्धी वडी किसून,
आणि मोरीतला खडबडीत दगड.
ताई दारात खुर्ची टाकून बसल्या.
"तू घास. मी मोजते."
घड्याळाकडे बघत मोजू लागल्या,
नाडी मोजतात तशा, ओठ न हलवता.

पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही.
सीताबर्डीत घेतलेली असली
तरी ओली लोकर मेंढीचाच वास मारते.
उलट सगळं सैलावतं, लोंबतं,
वाटतं, गेला हातचा.
मग गरम, गार, पुन्हा गरम,
आणि कधीतरी
टाका टाक्यात घुसतो, ओळ ओळीत,
मोर भवनला शेवटची बस लागल्यावर
माणसं घुसतात तशी.

बाह्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.
"कॅशमिलॉन," ताई म्हणाल्या.
"त्या महिन्यात पगार उशिरा झाला होता."

भोकं मिटत चालली.
त्या वाकून बघत होत्या.
"हे नऊ नंबर.
घंटी नव्हती त्याच्यापाशी, ताटलीवर चमचा वाजवायचा.
तशीच उठली मी. आली तर टाका पार खाली."
"हे चार. नुसतं पाणी मागे बाई."
"हे वीस असंन बहुतेक.
आणि हे... थांबली काहून?"

थांबले होते खरी.
मी ज्या ओळी उसवल्या इतकी वर्षं
त्यांत कोण कोण होतं,
मी कधी विचारलं नव्हतं.

"अवं घास. पाणी निवते."

दुपारपर्यंत तो पुठ्ठ्यासारखा झाला,
सात वर्षांच्या पोराला येईल एवढा.
गच्चीवर संत्र्याच्या रिकाम्या पेटीवर पसरला.
आता कुठूनही कात्री लावा,
काठाला धागा म्हणून सुटत नाही.
चपलेत घालायला तळवे काढायचे होते ताईंना.
त्यांचे पाय थंड पडतात हल्ली,
मे महिन्यातसुद्धा, पारा शेहेचाळीसवर असताना.

खडूनं पाऊल आखताना
डाव्या खांद्याशी बोटाला काहीतरी लागलं.
एक पांढरी गाठ.
बँडेजमधून ओढून काढलेला सुती धागा,
एक भोक तेवढं त्यांनी
लगेच, तिथल्या तिथे शिवून टाकलेलं.
सूत आटत नाही.
भोवतालचं सगळं दाटून आलं,
ते तसंच वर राहिलं,
तांदळाच्या दाण्याएवढं.

"हा कोण?"

ताईंनी चष्मा पदराला पुसला.
लांब धरून पाहिलं, जवळ आणून पाहिलं.
खाली भंगारवाला ओरडत गेला,
गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

"हा होय," म्हणाल्या.
"हा घरी गेला.
आपल्या पायानं."

मी खडूची रेघ बोटानं पुसली,
पाऊल जरा सरकवून आखलं.