पासपोर्ट साइज

हर्णैच्या बंदरावर मी सूर्य विकतो.
म्हणजे तसा बोर्ड नाही कुठे,
बोर्डावर 'अर्जंट पासपोर्ट, लॅमिनेशन' एवढंच.
पण चार वाजता शटर ओढलं की
कॅमेरा, दोन बॅटऱ्या आणि डब्याएवढा प्रिंटर घेऊन
मी वाळूत येतो
आणि लोकांच्या हातावर सूर्य ठेवतो.
कॉपी पन्नास.

जरा खाली, ताई. अजून बोटभर.
चिमटीत धरा, दाबू नका.
हां, आता हसा.
(हसलेलं दिसत नाही, पण सांगायची सवय.)

सूर्य हातात येतो तो फक्त
मी जिथे गुडघ्यावर बसलोय तिथूनच.
दोन पावलं बाजूला उभ्या नवऱ्याला
बायकोचा हात रिकामाच दिसतो,
तरी तो विचारतो, आला का?

मला त्याचं वेळापत्रक पाठ आहे.
मार्गशीर्षात किल्ल्याच्या डाव्या अंगाला उतरतो,
घाईघाईत, बँकेतल्या माणसासारखा.
चैत्रात सरकत सरकत तटाकडे येतो
आणि पावणेसात झाले तरी रेंगाळतो.
ढग आले तर पैसे परत.
ढग नसले तर फोटो सपाट येतो,
हे गिऱ्हाइकाला सांगत नाही.
अकरा वर्षांचे सूर्य आहेत डिस्कवर, तारीखवार.
बायको म्हणते, सगळे सारखेच तर आहेत,
पुसून टाक,
बारशांच्या व्हिडिओंना जागा होईल.

त्या दिवशी लिलाव संपत आलेला.
बैल पोटापर्यंत पाण्यात, गाडीत शेवटच्या टोपल्या,
वाळूवर बर्फाचा चुरा
आणि तो वास, ज्याला नाक मुरडून
पाहुणे रात्री तीच सुरमई मागवतात.
कराडच्या एका जोडप्याचा सूर्य
चिमटीत बसत आला होता,
तेवढ्यात द्वारका पावसे टोपलीवर गोणपाट टाकून
सरळ माझ्यासमोर येऊन उभी.
म्हटलं, मावशे, बाजूला हो, दोनच मिनिटं राहिलीत.

"आन् माजी? सोसायटीच्या फारमाला फोटू लागतो,
उद्या शेवटचा दिस.
तुजं दुकान उगडं तवा मी बाजारात,
मी मोकळी तवा तू हितं."

बरं, म्हटलं, समुद्राकडे पाठ करून उभी राहा.
तिने आधी प्रिंटरवरचे नमुने बघितले,
एकेक उचलून, ओल्या बोटांनी.
"तोंडं कुटं हायत यांची?
पैशे घेऊन लोकांची तोंडं काळी करतोस व्हय रं?"

लिलावातल्या बाया अशा हसल्या
की एक बोली चुकली.

मग तिनेच मला खांद्याला धरून फिरवलं,
पापलेट उलटं करून बघावं तसं.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
सूर्य माझ्या मानेवर होता, कोमट,
मागे उभं राहून कुणी आपलं पत्र वाचावं तसा.
समोर उपडी होडी, पांढऱ्या रंगाचा ताजा हात,
त्यावर ती,
तिच्यावर माझी लांबलचक सावली.
"तूच येतोस फोटूत. खाली बस."
बसलो.

आणि तिचं तोंड.
काय सांगू.
गालावरचं वांग, हनुवटीवरचं फिकट गोंदण,
कपाळाला चिकटलेला एक खवला, पेटल्यासारखा.
ती हसली नाही,
पासपोर्टला हसत नाहीत हे तिला ठाऊक.
डोळेही बारीक केले नाहीत,
त्या उजेडातच रोज होडीचा नंबर वाचायची सवय.

"अहो, गेला!" कराडची बाई ओरडली.
तिची चिमूट अजून हवेत.
खरंच गेला होता.
त्यांचे पन्नास परत केले.

फॉर्म मीच नेऊन दिला सोसायटीत.
क्लार्कने फोटोवर नख घासून पाहिलं,
डाग पडलाय का हो?
म्हटलं, खवला आहे.
तो काही बोलला नाही.
शिक्क्यावर हा-हा करून त्याने दाबला,
गोल, निळा,
अर्धा तिच्या खांद्यावर, अर्धा कागदात,
बुडता बुडता
थांबलेला.