ब्रेक-पाइप

इंदोऱ्याच्या विहारात कूलर बंद करून
मेश्राम सिस्टर म्हणाल्या, आता श्वास सोडा.
तेरा जणांनी सोडला.
मी नाही.

तुम्हाला ठाऊक नसेल,
मालगाडीचा ब्रेक हवा भरून लागत नाही,
हवा सोडून लागतो.
इंजिनापासून अठ्ठावन्नाव्या डब्यापर्यंत एकच नळी.
पाच किलोचं प्रेशर असलं की चाकं मोकळी;
दांडा ओढला की फस्सऽऽ,
आणि मग जवळजवळ किलोमीटरभर
नुसतं थांबणं चालू असतं.

मेटपांजऱ्याच्या पुढं, सकाळी सहा अकराला,
तो रुळांच्या मधोमध उभा होता.
पळत नव्हता.
त्यानं शर्टाची उजवी बाही खाली ओढली, बटण लावलं,
साहेबाच्या केबिनमध्ये शिरण्याआधी लावतात तसं.
मी हॉर्न धरून ठेवला. दांडा ओढला.
असिस्टंट परतेकी, पोरगंच ते,
सिग्नल पुकारायच्या सवयीनं
ओरडत राहिला: हिरवा, हिरवा, हिरवा.

कागदावर माझी चूक नाही.
तीन दिवस रजा, मग तीच लाइन.
घरी कुकरची वाफ सुटली
की मी ओट्याची कड धरून उभा.
बायकोनं एक दिवस कुकर माळ्यावर टाकला.
तुरीची डाळ गंजात शिजू लागली, दीड-दीड तास,
आणि तिनं कधी काही विचारलं नाही.
लोक म्हणायचे, दम खा, डोंगरवार.
दमच तर गिळून बसलो होतो.

सिस्टरनं पाहिलं असावं.
मेयोच्या कॅज्युअल्टीत तीस वर्षं काढलेली बाई,
विचारल्याशिवाय कुणाच्या खांद्याला हात लावत नाही.
म्हणाल्या, "डोळे नका मिटू, भाऊ.
तुम्ही ड्रायव्हर, तुम्हाला नाही जमायचं ते.
श्वासही राहू द्या.
तळपाय कुठं आहेत, तेवढं सांगा."
फरशीवर.
"गरम का थंड?"
थंड. डाव्या अंगठ्याखाली फरशी फुटली आहे.
"बस. आजच्यापुरतं झालं."

असे किती दिवस नुसती फुटकी फरशी.
बाकीचे ध्यानात बसायचे,
मी एका भेगेची रखवाली करायचो.
बाहेर दूधवाल्याची गाडी, कबुतरं,
कोराडीच्या राखेचा पातळ थर खिडकीत.
मग कधीतरी, मुद्दाम न बघता, कळलं
की नाकाशी काहीतरी ये-जा करतंय:
येताना गार, जाताना कोमट.
तेवढंच.
कुणी सोडत नव्हतं ते.
आपलं आपण जात होतं.

एकदा तो आला.
बाही ओढली, बटण लावलं, माझ्याकडं पाहिलं.
मला घाम फुटला, पाय थरथरले.
सिस्टर लांबूनच म्हणाल्या, "फरशी, भाऊ, फरशी."
मी त्याला हाकललं नाही.
एवढंच केलं,
गाडी आणली नाही.
तो उभा राहिला, मी बसून राहिलो.
मधे नुसता रूळ, आणि सकाळ.

ब्रेक सुटायलाही वेळ लागतो.
इंजिनातला काटा पाचवर आलेला असतो,
शेवटचा डबा मात्र अजून धरून बसलेला.
अशात घाईनं ओढलं तर कपलिंग तुटतं,
हे मी नव्या पोरांना शिकवत आलो बावीस वर्षं.
परतेकीला परवा विहारात घेऊन गेलो.
दारातच थबकला.
म्हटलं, ये, चप्पल काढ,
फरशी थंड आहे.

आणि काल बायकोला म्हणालो, कुकर काढ खाली.
ती डाळ घोटता घोटता म्हणाली,
"राहू द्या आता.
गंजातली आवडाले लागली मला."
मला हसू आलं, नाकातूनच सुटलं.
फस्स.
तिचा हात थांबला.
आम्ही दोघंही जरा वेळ
तो आवाज ऐकत राहिलो.